चेन नवीन, तरी काप वाकडा : पट्टी बदलायची कधी?

प्रश्न : काका नमस्कार. मी सांगोला तालुक्यातला. आमची अडीच एकर डाळिंब होती, खोडाला बारीक बारीक भोकं पडून बाग वाळत गेली, शेवटी जेसीबी लावून उपटून काढली. ती खोडं-मुळं कापायला भावकीत मिळून ५८ सीसीचं एक चेनसॉ घेतलं, २२ इंची पट्टीचं. बाग संपल्यावर बांधावरची वेडी बाभूळ, शेजारच्यांचं सरपण असं करत करत मशीनला आता तीन वर्षं झाली. एका वर्षात ही तिसरी चेन. पण काप सरळ जातच नाही, खोडात अर्ध्यावर गेलं की उजवीकडं वळतंय, विळ्यासारखं, आणि मग पट्टी आत आवळून बसतीय. नवीन चेन टाकली त्या दिवशी पण तेच. दुकानदार म्हणतो पट्टी बदला, चुलतभाऊ म्हणतो पट्टी म्हणजे नुसतं लोखंड, तिला काय होतंय, चेनच डुप्लिकेट आलीय. कुणाचं ऐकू? — एक वाचक, सांगोला

उत्तर : मालक, चुलतभावावर रागवू नका, कारण एकेकाळी मी पण हेच म्हणायचो. वळवाच्या पावसात रस्त्यावर आडवी झालेली चिंच कापायला गेलतो, अकरा-बारा वर्षं झाली असतील, दोन्हीकडं गाड्यांची रांग, आणि माझा काप असाच वाकडा जाऊन मशीन झाडात अडकलं. तासभर पाचर ठोकत बसलो, लोक व्हिडिओ काढत होते ते वेगळंच. घरी आल्यावर चेन फेकली, नवीन टाकली, आठवड्यात ती पण गेली, अशा चार चेन घालवल्या तेव्हा कुठं डोक्यात आलं की चेन जिच्यावर पळते ती पट्टीच खालून संपलीय.

तुमच्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य तुम्ही मधेच घालून पुढं गेलात. नवीन चेन टाकली त्या दिवशी पण तेच, हे. जुनी चेन वाकडी जात असेल तर शंभर कारणं असतात, पण पाकिटातून काढलेल्या चेनचे डावे-उजवे दात सारख्या लांबीचे आणि सारख्या धारेचे असतात, ती पहिल्याच कापाला वळायला लागली तर दोष बहुतेक तिचा नसतो. मग दोनच गोष्टी उरतात, एक तर पट्टी झिजली किंवा चेन त्या पट्टीच्या मापाची नाही.

आधी मापाचं बघा, ते फुकटात होतंय. पट्टीच्या मागच्या टोकाला, जिथं ती मशीनला बसते तिथं, माती पुसली की आकडे दिसतील. तुमच्यासारख्या ५८ सीसीच्या २२ इंची पट्टीवर बहुतेक वेळा पॉइंट ३२५ पिच (चेनच्या दुव्यांमधलं अंतर, इंचात), पॉइंट ०५८ गेज (खाचेची रुंदी, ती पण इंचात) आणि ८६ असं असतं. पॉइंट ०५८ म्हणजे खाच दीड मिलिमीटरची, आणि ८६ म्हणजे चेनच्या ड्राइव्ह लिंक, ती खाचेत फिरणारी खालची टोकदार नखं. दुकानात २२ इंची चेन द्या एवढंच सांगितलं आणि समोरच्यानं १.३ मिलिमीटरवाली दिली तर ती बसते, फिरते, काही म्हणजे काही कळत नाही, फक्त दीडच्या खाचेत १.३ ची चेन सैल चपलेसारखी डगमगते आणि काप कुठं पण जातो. ओरेगॉन कंपनीच्या चेनवर लिंकवरच नंबर कोरलेला असतो, याच पिचमधे २० म्हणजे १.३, २१ म्हणजे १.५ आणि २२ म्हणजे १.६. स्टिल कंपनीच्या चेनच्या लिंकवर ३, ५, ६ असा एकच आकडा असतो, अर्थ तोच. हा आकडा जुळत नसेल तर पट्टीला हात लावू नका, चेन बदलून आणा, विषय संपला.

जुळत असेल तर मग पट्टी उतरवा. मशीन बंद, प्लगची टोपी काढलेली आणि हातात मोजे, कारण झिजलेल्या पट्टीची कड ब्लेडसारखी कापते. आता हॅक्सॉचं जुनं पातं घ्या, बिनदाताचं टोक खाचेत घाला आणि शेवटपासून पुढंपर्यंत ओढा. काळा चिकट लगदा निघेल, भुसा, ऑईल आणि तुमच्याकडं तर माती पण असणार. हा लगदा न काढता जे लोक पट्टी बघतात ते नुसता अंदाज मारतात, कारण लगद्यानं भरलेली चांगली खाच पण उथळ वाटते.

खाच स्वच्छ झाली की तेच पातं उभं धरून तळाला टेकवा, कडेच्या उंचीवर पेननं खूण करा, बाहेर काढून पट्टीनं मोजा, शाळेच्या पट्टीनं. ही तुमच्या खाचेची खोली. पॉइंट ३२५ आणि थ्री-एट (म्हणजे ३/८ इंच) पिचच्या चेनला कमीत कमी ६ मिलिमीटर खोली लागते, इलेक्ट्रिक मशीनवर असते त्या लहान थ्री-एटला ५, आणि मोठ्या पॉइंट ४०४ ला ७. तुमची खूण ६ च्या आत आली तर पट्टी संपली, मग पुढचं काहीही तपासायची गरज नाही. आणि एकाच जागी मोजू नका, पाच-सहा ठिकाणी मोजा, विशेषतः टोकाच्या थोडं मागं आणि खालच्या कडेच्या मधल्या भागात, तिथं जास्त घासतंय.

असं का होतं ते एकदा समजलं की आकडे पाठ करायची गरज राहत नाही बघा. चेनचं वजन आणि तुमच्या हाताचा जोर हे दोन्ही खाचेच्या दोन्ही बाजूच्या कडांवर येतं, चेनचे वरचे भाग त्या कडांवर रुळावरच्या चाकासारखे घासत पळतात. कडा झिजून खाली येतात पण खाचेचा तळ आहे तिथंच राहतो. रोज थोडं थोडं करत एक दिवस असा येतो की ड्राइव्ह लिंकचं टोक तळाला टेकतं, आणि त्या दिवसापासून चेन कडांवर चालायचं सोडून एका पायावर चालायला लागते. डावीकडं उजवीकडं धरायला काही नाही, मग ती कलणारच. हे डोळ्यानं बघायचं असेल तर चेनचा वीतभर तुकडा खाचेत बसवून पट्टी खिडकीच्या उजेडाकडं धरा, चेन आणि कड यांच्या मधून उजेड दिसला म्हणजे लिंक तळाला टेकलीय. व्हर्नियर नसला तरी हे चालतं. जुन्या चेनच्या लिंकची टोकं पण बघा, ती टोकदार असायला हवीत, घासून चपटी चकचकीत झाली असतील तर पट्टीनं ती खाल्लीत, आणि एका वर्षात तीन चेन कुठं गेल्या याचं उत्तर तिथंच मिळेल.

खोली चांगली निघाली तर रुंदी बघा. चेन बसवून, नेहमीसारखी ताणून, स्टीलची मोजपट्टी चेनसॉच्या पट्टीच्या अंगाला आणि चेनच्या दाताच्या बाजूला एकदम टेकवून धरा. चांगल्या पट्टीत दात थोडा बाहेर असतो, त्यामुळं मोजपट्टी आणि पट्टीच्या अंगामधे बारीक फट दिसते. फट दिसली नाही, मोजपट्टी सरळ अंगाला चिकटून बसली, म्हणजे चेन कललीय, खाच फाकलीय. बोटानं दात डावी-उजवीकडं हलवून पण कळतं, थोडं हलणं नॉर्मल आहे, पण हलवल्यावर चेन आडवी पडायला बघत असेल तर नाही.

फाकलेली खाच ऐरणीवर ठेवून हातोडीनं बंद करून देणारे लोक आहेत आपल्याकडं, मधे योग्य जाडीचा पत्रा ठेवून हळूहळू ठोकतात. मी पण केलंय. पण माझं मत विचाराल तर ते अर्धवट पडलेलं काम उरकण्यापुरतं, कारण कडेचं पोलाद एकदा फाकलं की परत फाकतंय, आणि ठोकताना एखाद्या जागी जास्त आवळली गेली तर चेन तिथं अडकून तापते. आणि खोली कमी झाली असेल तर ठोकून काय होणार, गेलेलं लोखंड परत येत नाही.

उलट काही पट्ट्या लोक उगीच फेकून देतात. कडेवरून नख फिरवलं आणि बाहेरच्या बाजूला पातळ धार लागली, तर तिला वर्कशॉपमधे बर म्हणतात, कडा दाबल्या जाऊन लोखंड बाहेर येतं. चपट्या कानशीनं ती बाहेरून घासून काढा, पाच मिनिटांचं काम आहे. तसंच एक कड उंच आणि एक खाली झाली असेल तर पट्टी काचेवर उभी ठेवून बघा, किंवा सुताराचा गुण्या लावा. सोडल्यावर एका बाजूला कलत असेल तर कडा सारख्या नाहीत. कानस काटकोनात धरून उंच कड खालच्या कडेच्या लेव्हलला आणायची, दोन्ही कडांवर एकदम कानस फिरवत. यात खोली थोडी जाते, म्हणून घासून झाल्यावर परत ६ मिलिमीटर मोजायचं. त्यावर असेल तर पट्टी बिनधास्त वापरा.

निळा डाग दिसला का? पोलाद साधारण ३०० अंशाच्या आसपास निळं पडतं. टोकाजवळ किंवा कडेवर निळसर पट्टा असेल तर ती जागा ऑईलशिवाय तापलीय आणि मऊ पडलीय, तिथं झीज बाकीच्यापेक्षा लवकर होणार. डाग लहान आणि खोली भरपूर असेल तर थोडे दिवस काढता येतील, पण नवीन पट्टीची सोय करून ठेवा. कडेचा तुकडा उडालाय, चीर गेलीय किंवा पट्टीच वाकलीय, तर मात्र त्याच दिवशी काढून टाका, यात काटकसर करायची नाही, चेन उडाली तर कुणाच्या अंगावर येईल सांगता येत नाही.

आता तुमची पट्टी तीन वर्षात अशी का झाली, हे पत्रातूनच दिसतंय. जेसीबीनं उपटलेली झाडं, म्हणजे मुळांना आपली काळी माती चिकटलेली, आणि ती वाळल्यावर तुम्ही कापायला घेतलीत. माती खाचेत गेली की ती ऑईलमधे मिसळून पॉलिश पेपरचं काम करते. मुळं कापायचीच असतील तर आधी झोडून घ्या, पाण्याचा फवारा मारा, किंवा सरळ कुऱ्हाडीनं तोडा, मशीनचं ते कामच नाही.

दुसरं, खरं सांगा, पट्टी उलटी कधी केली होती का? पट्टी दोन्हीकडून सारखी बनवलेली असते ती उगीच नाही. आपण कापतो बहुतेक खालच्या कडेनं, म्हणून खालची कड आधी जाते. दर वेळी चेनला धार लावताना पट्टी पलटायची, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात आणि आयुष्य चांगलंच वाढतं. आमच्याकडं एक गिऱ्हाईक यायचा, तो पलटायचाच नाही, का तर कंपनीचं नाव उलटं दिसतंय. आता काय बोलायचं. पलटण्याचा अजून एक फायदा असा की निदान पण होतं : पलटल्यावर काप सरळ झाला किंवा वळायची बाजू बदलली तर दोष पट्टीचा, आणि पलटून पण तिकडंच वळतंय तर चेनचे एका बाजूचे दात आखूड किंवा बोथट झालेत. हातानं कानस मारणाऱ्यांचं हे नेहमीचं आहे, एक बाजू सोयीची पडते म्हणून ती चांगली होते, दुसऱ्या बाजूला हात अवघडतो, आणि मग काप बहुतेक वेळा लांब-धारदार दातांच्या बाजूला ओढतो. तुमच्या जुन्या दोन चेन फेकल्या नसतील तर त्यांचे दात मोजून बघा, कदाचित एखादी वाचेल.

तिसरं म्हणजे ऑईल. जळालेलं काळं ऑईल टाकताय का? टाकत असालच, सगळेच टाकतात, गॅरेजवाला फुकट देतो. त्यात इंजिनचा कीस असतो, तो पंपाला आणि पट्टीला दोघांना खातो, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमधे ४२-४३ डिग्रीला ते पाण्यासारखं पातळ होऊन पट्टीवर थांबतच नाही. चेनचं चिकट ऑईल मिळतं ते वापरा. पोचतंय का बघायचं तर मशीन सुरू करून टोक पांढऱ्या पुठ्ठ्यावर वीतभर अंतरानं धरा आणि रेस द्या, पुठ्ठ्यावर ऑईलची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत ऑईलची टाकी पण जवळजवळ रिकामी व्हायला हवी, ती अर्धी भरलेली राहात असेल तर पट्टीचं ऑईलचं भोक बुजलंय. सुईनं किंवा तारेनं साफ करा.

नवीन पट्टी घेतली तर मशीनमधला स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, पण बघून घ्या. चेनच्या घासण्यानं त्याच्यावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल खड्डे पडले असतील तर तो पण बदला, नाहीतर जुना स्प्रॉकेट नवी चेन खाणार. साधारण दोन चेनला एक स्प्रॉकेट असा हिशोब आम्ही धरतो. तुमच्या तीन झाल्या.

जाता जाता एक गंमत सांगतो. तुमची बाग ज्या भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्यानं घालवली, त्याच्याच लांबच्या भावकीतल्या एका अळीला बघून आजची चेन बनलीय. १९४६ मधे अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या जंगलात जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला ओंडक्यात एक अळी दिसली, ती आपल्या दोन जबड्यांनी डावीकडं-उजवीकडं लाकूड कुरतडत सरळ पुढं चालली होती. त्यावरून त्यानं डावा दात, उजवा दात असा आलटून पालटून असलेला चेनचा नमुना काढला आणि पुढच्या वर्षी विकायला सुरुवात केली. त्या अळीचा काप सरळ जातो हो, तिची पट्टी झिजत नाही.

प्रश्न : पट्टीच्या टोकाची चक्री जाम झालीय, हातानं फिरत नाही. नवीन पट्टी घ्यावी लागेल का? — वाचक, अक्कलकोट

उत्तर : लगेच नाही. रात्रभर रॉकेलमधे किंवा डिझेलमधे टोक बुडवून ठेवा, सकाळी ब्रशनं साफ करा आणि चक्री बोटानं फिरवून बघा, निम्म्या वेळा नुसता भुसा आणि झाडाचा चीक वाळून बसलेला असतो. काही पट्ट्यांना टोकाजवळ बारीक भोक असतं, ते ग्रीस घालायला. फिरायला लागली पण वर-खाली खेळतीय, दात सुईसारखे टोकदार झालेत, किंवा आतल्या बेअरिंगचे रोलर पडलेत, तर मग गेली. ज्या पट्टीचं टोक रिव्हेट काढून वेगळं बदलता येतं तिचं टोक बदला, पिच मात्र तोच हवा. एकसंध पट्टी असेल तर पूर्ण बदलावी लागेल. जाम चक्रीवर मशीन चालवू नका, पंधरा मिनिटात टोक निळं होतंय.

प्रश्न : काका, मी सोलापुरातच राहते. सोसायटीतल्या लिंबाच्या फांद्या खिडकीत येतात म्हणून ऑनलाइन १६ इंची इलेक्ट्रिक चेनसॉ मागवलं. पहिल्याच दिवशी पट्टीतून धूर आला आणि चेन लांबून खाली लोंबकळली. नवीन पट्टी एका दिवसात जाते का? परत पाठवू का? — एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : ताई, बॉक्समधून आलेल्या मशीनमधे चेनचं ऑईल भरलेलं नसतं, ते आपण भरायचं असतं, आणि इलेक्ट्रिक म्हटल्यावर ऑईल कशाला असं बऱ्याच जणांना वाटतं. माझा अंदाज तेच झालंय. आधी ऑईल भरा, पुठ्ठ्यावर रेघ उमटते का बघा. चेन नवीन असताना पहिल्या तासाभरात सैल होतेच, त्यात ती तापली की अजून लांबते, म्हणून थांबून थांबून ताणून घ्यायची, हातानं ओढली तर फिरली पाहिजे आणि खालून पट्टीला टेकलेली पाहिजे. काम संपल्यावर मात्र थोडी सैल करून ठेवा, गार झाल्यावर ती आवळते.

पट्टी गेली का, तर वर सांगोल्याच्या वाचकांना सांगितलंय तसं खाचेत पातं घालून मोजा, तुमच्या मशीनला ५ मिलिमीटर पुरे. एका दिवसात खोली जात नाही, निळा डाग पडला असेल तर तेवढं बघावं लागेल. आणि फांद्या कापायच्या आधी महापालिकेकडं अर्ज करा, शहरातल्या झाडांना १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा लागू आहे, शेजारच्यानं तक्रार केली तर पट्टीपेक्षा ते महागात पडेल.

दुकानात जायचं ठरलं तर नुसती पट्टी घेऊन जाऊ नका, चेन पण पिशवीत टाका. नुसत्या पट्टीवरून दीडची खाच आणि १.३ ची चेन ही भानगड कुणाला दिसत नाही, मला पण नाही.